नोमाफूने नकार दिलेली माणसं

नोमाफूच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकलेला माणूस म्झिन्याथी नदीच्या अलीकडे नव्हता आणि पलीकडेही नव्हता. गाय भरपूर दूध द्यायला लागली की ती म्हणायची, "बघू, किती दिवस टिकतंय ते." पाऊस वेळेवर आला तर म्हणायची, "आला एकदाचा मेला." तिचा बाप मलुंगवाना सांगायचा की ही पोरगी जन्मली तेव्हा रडलीच नाही, नुसती तोंड वाकडं करून झोपडीकडे बघत राहिली.

ती बाविशीची असताना राजधानी उलुंदीहून झुलू राजाचा हुकूम आला. तिच्या वयाच्या मुलींची राजाने एक पलटणच नेमलेली होती. पलटण म्हणजे काय, तर राजा सांगेल त्या पलटणीतल्या पुरुषांशी सांगेल तेव्हा लग्न करायचं. आता राजाने सांगितलं की या सगळ्या मुलींनी चाळिशी ओलांडलेल्या जुन्या शिपायांना वरावं. मुलींचे जीव जडले होते आपल्या वयाच्या पोरांवर. त्या पोरांना लग्नाची परवानगीच नव्हती.

नोमाफूचाही एक होता, झोंगवे नावाचा. नाचात सगळ्यांत उंच उडी मारायचा. हुकूम आल्यावर ती त्याला ओढ्यावर गाठून म्हणाली, "चल, नदी ओलांडू."

झोंगवे पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "राजाचा शब्द आहे गं. आपण काय करणार?"

"उड्या मारणार," नोमाफू म्हणाली. "तुला तेवढंच येतं." आणि घडा उचलून चालू लागली. झोंगवेशी ती पुन्हा बोलली नाही.

तिला मागणी घातली म्पुंगा नावाच्या शिपायाने. जुन्या शिपायाची खूण म्हणून डोक्यावर बसवलेलं काळं मेणाचं कडं घासून घासून चकचकीत केलेलं, पोट पुढे, आणि दम लागला की नाकातून शिट्टी वाजायची. रीत अशी की मुलीने होकारादाखल मण्यांची माळ पाठवायची. त्या वर्षी मुलींनी एक टोमणा काढला होता, आणि नोमाफूने तो म्पुंगाला भर अंगणात, तिच्या बापासमोर ऐकवला. "माळ पुरत नाही, मामा. तुमच्या गळ्याभोवती येतच नाही ती. गळा बघा केवढा आहे!"

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. मलुंगवाना हसला नाही. म्पुंगाही हसला नाही, पण रागावलाही नाही. म्हणाला, "पोरी, गळ्याचं सोड, मान सांभाळ. राजाची माणसं वाटेवर आहेत."

ती माणसं खरंच आली. बऱ्याच मुलींनी घाईघाईने मिळेल त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात माळा घातल्या. ज्यांनी घातल्या नाहीत त्यांतल्या काही मारल्या गेल्या, आणि बाकीच्यांनी बघावं म्हणून त्यांची प्रेतं वाटांवर टाकली गेली. नोमाफूची मावसबहीण सिझाकेले तिठ्यावर पडलेली होती. नोमाफूने तिच्या अंगावर झाडाची फांदी टाकली. थांबून रडायला वेळ नव्हता. दुपार टळायच्या आत ती नदीवर पोहोचली आणि एका बैलाच्या शेपटीला धरून पलीकडे, नाताळ नावाच्या गोऱ्यांच्या मुलखात गेली. मागे राजाच्या माणसांनी तिच्या बापाची गुरं हाकून नेली.

पलीकडच्या गोऱ्या मॅजिस्ट्रेटला ती म्हणजे घरबसल्या सापडलेलं घबाड वाटली. त्याने तिला खुर्चीवर बसवलं. ती खाली बसली. त्याचा दुभाषी टोमास हा बाप्तिस्मा घेतलेला झुलू होता. पायात बूट, पण बुटांना सवय नसलेले पाय, म्हणून तो भाजलेल्या जमिनीवरून चालल्यासारखा चालायचा.

"साहेब विचारतात, राजा कसा आहे?"

"मूर्ख आहे," नोमाफू म्हणाली. "पोरींची लग्नं लावायला भाले पाठवतो. शहाणा माणूस असं करेल?"

टोमास बराच वेळ इंग्रजीत बोलला. मॅजिस्ट्रेट भराभर लिहीत होता.

"मी एवढंसं बोलले. हा एवढं काय लिहितोय?"

"तू म्हणालीस की राजा राक्षस आहे आणि प्रजा त्राहि त्राहि करतेय."

"असं मी कधी म्हटलं?"

"बाई गं," टोमास हळूच म्हणाला, "मूर्ख राजा त्यांच्याकडेही आहेत. मूर्ख म्हटलं तर त्यांना काय उपयोग?"

नोमाफूने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो बुटांकडे बघू लागला. पण परत जायचं तर तिठ्यावर पडायची तयारी हवी. ती तिथेच राहिली. मॅजिस्ट्रेटच्या भाजीच्या मळ्यात खुरपू लागली आणि त्याच्या बायकोने दिलेला झगा घालू लागली. त्या झग्यात वाकता येत नव्हतं. वाकता न येणाऱ्या कपड्यात गोऱ्या बायका शेती कशी करतात, हे कोडं तिला दोन दिवस पडलं होतं. मग कळलं की त्या करतच नाहीत.

दोन वर्षं गेली. उन्हाळ्यात, मका डोक्याएवढा वाढलेला असताना, लाल कोटवाले शिपाई येऊन नदीकाठी जमू लागले. गाड्या, तोफा, आणि एवढे बैल की ओढ्यांचं पाणी गढूळ झालं. मॅजिस्ट्रेटने नोमाफूला मळ्यातून बोलावलं, एका मिशीवाल्या अधिकाऱ्यासमोर उभं केलं आणि टोमासकरवी सांगितलं, "या साहेबांना बघ. हे तुला सोडवायला चाललेत."

नोमाफूने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "मी तर इथे आहे. मला सोडवायला तिकडे कशाला?"

टोमासने काय भाषांतर केलं देव जाणे. अधिकाऱ्याने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि घोड्यावर चढला.

फौज नदीपार गेली. अकरा दिवसांनी दुपारी काही माणसं परत आली, पण ती पलटण राहिली नव्हती. कुणाच्या पायात बूट नव्हते, कुणाच्या अंगात कोट नव्हता, घोडे तोंडाला फेस आणून धडपडत होते. इसांडलवानाच्या डोंगराखाली झुलूंनी त्यांची छावणीच्या छावणी कापून काढली होती. मॅजिस्ट्रेटची बायको रडायला लागली. मॅजिस्ट्रेट स्वतः मक्याची पोती दारात रचू लागला. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच पोतं उचललं असावं, कारण दुसऱ्या पोत्याला तो त्याच्याखालीच सापडला. त्याला बाहेर ओढून काढताना नोमाफूला हसू आवरेना.

"हसतेस काय?" टोमास ओरडला. "ते आले तर आपल्यालाही मारतील!"

"तुला मारतील. बूट बघून."

ते हसू चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी नदीवर पाणी भरणाऱ्या बायकांकडून कळलं की तिचा भाऊ फाकाडे त्याच डोंगराखाली पडला. छावणीतल्या तंबूच्या दोरीत पाय अडकून पडला आणि उठायच्या आत गोळी लागली. घरची गुरं गेल्यावर फाकाडेने बहिणीला एका शब्दानेही बोल लावला नव्हता. उलट पलीकडे निरोप पाठवला होता, "बरं केलंस. म्पुंगाची शिट्टी मला रोज कोण ऐकवणार होतं?" नोमाफू मळ्यात गेली आणि संध्याकाळपर्यंत बटाट्याचा एक वाफा खुरपत राहिली. त्यात तणाची एक काडीही नव्हती.

गोरे दुसऱ्यांदा गेले, जास्त तोफा घेऊन. थंडीत उलुंदी जाळली, राजाला पकडून जहाजावर चढवलं. लढाई संपल्याचं कळल्यावर नोमाफूने तो झगा घडी करून पायरीवर ठेवला आणि नदी ओलांडली.

बापाची वस्ती जिथे होती तिथे काळं वर्तुळ होतं. तिला सोडवायला निघालेल्या घोडेस्वारांनी झोपड्या पेटवल्या होत्या, धान्याची पेवं उकरली होती. बाप मेला होता. आई एका बैलाच्या कातड्याखाली आडोसा करून राहत होती. लेकीला बघून म्हातारी म्हणाली, "आलीस? फांद्या तोडून आण. छप्पर घालायचंय."

गोऱ्यांनी राज्याचे तेरा तुकडे केले आणि प्रत्येकावर एकेक सरदार बसवला. आपल्या तुकड्यावर कोण येतो याची लोक वाट बघत होते. आला माकोंग्वाना. लढाईत हा गोऱ्यांच्या पुढे वाट दाखवत चालायचा. त्याचं बक्षीस म्हणून त्याला लाल कोट मिळाला होता. कोटाला बटणं नव्हती. मधून पोट दिसायचं. भर उन्हात तो कोट घालून बसायचा, आणि घाम पुसायला एक माणूस ठेवला होता.

माकोंग्वानाची नजर नोमाफूवर गेली. नदीपलीकडून परत आलेल्या बिनलग्नाच्या बायकांवर सरदाराचा हक्क, असा नियम त्याने काढला. पूर्वी असा नियम होता का, असं कुणी विचारलं नाही. त्याने निरोप धाडला की नोमाफू त्याची सातवी बायको होईल. नाही म्हणाली तर आईच्या उरलेल्या दोन गाई जातील.

त्याच महिन्यात पलीकडचा मॅजिस्ट्रेट नव्या सरदारांची पाहणी करायला तंबू घेऊन आला. सोबत टोमासही. आजूबाजूच्या वस्त्यांतले लोक जमले. नोमाफू सरळ तंबूसमोर गेली.

"साहेबाला विचार, मला ओळखतो का?"

मॅजिस्ट्रेटने ओळखलं. तो खूश झाला. तिची जबानी विलायतेत छापली गेली होती, मोठमोठ्या लोकांनी वाचली होती, असं त्याने सांगितलं.

"छान झालं. आता त्याला सांग, राजाने मला म्हाताऱ्याशी लग्न करायला सांगितलं म्हणून तुम्ही राजाला जहाजावर घातलं. आता हा," तिने माकोंग्वानाकडे बोट केलं, "तेच करतोय. याला कुठल्या जहाजावर घालणार?"

जमावात खसखस पिकली. या वेळी टोमासने शब्दाला शब्द भाषांतर केलं. कदाचित तोही कंटाळला होता. मॅजिस्ट्रेटने घसा साफ केला. तो म्हणाला की सरकार तुमच्या चालीरीतींत ढवळाढवळ करत नाही.

"म्हणजे घर जाळणं ही ढवळाढवळ नव्हती?"

त्यावर मॅजिस्ट्रेट उठून तंबूत गेला. माकोंग्वानाला जोर आला. कोट सावरून तो म्हणाला, "ऐकलंस ना? चल आता."

तेवढ्यात मागून नाकाची शिट्टी वाजली. म्पुंगा होता. लढाईत त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता, पोटही गेलं होतं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे माकोंग्वाना, मी राजाच्या पलटणीचा शिपाई, अंगावर स्वतःचे कपडे. मला ही नाही म्हणाली. तू मेलेल्या गोऱ्याचा कोट घालून आलास, तुला हो म्हणेल?"

मग जे हसणं उसळलं ते काही केल्या थांबेना. बायका एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. माकोंग्वानाचा घाम पुसणारा माणूससुद्धा तोंड फिरवून हसत होता. सरदार उठला आणि गेला. त्याने दोन्ही गाई नेल्या, पण नोमाफूला न्यायला माणूस पाठवायचं धाडस पुन्हा केलं नाही. तीन वर्षांनी झुलू आपापसांत लढू लागले तेव्हा तो नदी ओलांडून पळाला. कोट नदीत वाहत गेला म्हणतात.

"थँक्यू म्हणाली नाहीस मला," म्पुंगा एकदा तिला म्हणाला. पलीकडचा शब्द त्यानेही उचलला होता.

"हात नाही म्हणून लोक तुझी कीव करतील, मी नाही करणार," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिने त्याला ज्वारीच्या दारूचं भांडं भरून दिलं. म्पुंगा सोडून हे दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलं नव्हतं.

तिशी उलटल्यावर तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. साबुला टोपल्या विणायचा आणि बोलताना अडखळायचा. "बरं आहे," नोमाफू म्हणायची, "त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत माझी चार होतात." साबुला हसायचा. त्यांना चार मुलं झाली, दोन जगली. साबुला गेल्यावर थोरला, बेकूमुझी, घर बघू लागला.

बेकूमुझी एकोणीस वर्षांचा असताना गोऱ्यांनी दर पुरुषामागे बसवलेल्या डोईपट्टीपायी बंड उठलं. एन्कांडलाच्या जंगलाकडे माणसं भाले घेऊन निघाली. तो आईसमोर येऊन बसला. "जाऊ का?"

राजाला मूर्ख, गोऱ्यांना लबाड आणि सरदाराला बुजगावणं म्हणणारी नोमाफू गप्प झाली. जा म्हणावं तर फाकाडे डोळ्यांपुढे येत होता. थांब म्हणावं तर ओढ्यावर माती उकरणारा झोंगवे. ती शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस."

तो गेला नाही. बंड मोडल्यावर गोरे घोडेस्वार वस्त्यांतून फिरले. बंडात असलेले आणि नसलेले, सगळे तरुण त्यांनी एका रांगेत उभे केले आणि चाबकाने फोडले. बेकूमुझी दोन माणसांच्या आधाराने घरी आला. नोमाफूने त्याला पालथं झोपवलं आणि मेंढीची चरबी कोमट करून पाठीला लावू लागली.

"आई, बोल ना काहीतरी," तो चटईत तोंड खुपसून म्हणाला. "शिव्या तरी दे त्यांना."

नोमाफूला एकही शिवी सुचली नाही. ती चरबी लावत राहिली.

पाठ बरी झाल्यावर बेकूमुझी जोहान्सबर्गच्या खाणीत गेला. नोमाफू आणखी सहा वर्षं जगली. त्यात तिची जीभ पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली. नव्या पाद्रीला तिने त्याच्या घोड्यापेक्षा मठ्ठ म्हटलं आणि शेजारणीच्या दारूला म्हशीचं मूत. एका सकाळी भिंतीला शेण लावता लावता ती बसली, ती उठली नाही.

तिला पुरताना चार शब्द कुणी बोलायचे, यावर माणसं बराच वेळ घुटमळत उभी राहिली. जमलेल्यांत तिने अपमान केला नाही असं एकही माणूस नव्हतं. शेवटी तिची धाकटी लेक म्हणाली, "बोलू नका. तिला आवडणार नाही." मग सगळ्यांनी खड्ड्यात माती लोटायला सुरुवात केली.