गुळगुळीतरावांच्या छतातला खळगा

गुळगुळीतराव हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. भिंतींना गिलावा करण्यात हयात गेली, आणि जशा भिंती होत गेल्या तशीच डोक्याची टाळूही होत गेली, तेव्हा बरोबरच्या गवंड्यांनी एका नावात दोन्ही कामं उरकली. रावांना नाव आवडायचं. भिंत पुरी वाळली की ते घरमालकाला धरूनच आणायचे. "लावा गाल! लाजता काय, लावा! लोणी आहे की नाही?" मालक बिचारा एक गाल पांढरा करून म्हणायचा, "लोणी, लोणी!"

सगळे "लोणी" म्हणायचे. एक अक्का सोडून.

अक्का म्हणजे रावांची थोरली बहीण. तिच्या तोंडून "बरं आहे" हे शब्द आजवर कुणी ऐकलेले नव्हते. चहा गार दिला तर "हे काय, सरबत?" आणि गरम दिला तर "जीभ भाजून मारणार आहेस का?" लहानपणी रावांनी जीव ओतून मातीचा बैल केला होता. अक्का म्हणाली, "या कुत्र्याला शिंगं कशाला?"

आता तिच्याच घराचा माळा गिलाव्याला आला होता. उतरत्या छपराखालची जागा. आजवर तिथे मोडक्या खुर्च्या नांदत होत्या. तिथे अक्काला स्वतःची झोपायची खोली हवी होती, कारण खाली दाजी घोरायचे. "घर्रर्र... फुस्स! घर्रर्र... फुस्स! आणि मधेच बंद पडतात मेले. मग मी बसते जागी, आहेत की गेले ते बघत!"

रावांनी मनाशी खूणगाठ बांधली. या खेपेला अक्काकडून "बरं आहे" काढायचंच.

भिंती झकास झाल्या. छताची गोष्ट वेगळी. तिरक्या छतावर माल थापला की तो आधी चिकटतो, मग त्याचा विचार बदलतो आणि तो गवंड्याच्या कॉलरमधून थेट पाठीवर उतरतो. रावांनी जाळी ठोकली, थरावर थर चढवले. छत जिथे अगदी खाली येतं तिथे अक्काचा पलंग होता. जिना अरुंद, म्हणून सुतारानं पलंग जिना बसवण्याआधीच वर चढवून ठेवलेला. राव त्याच्यावर चादर टाकून मांडी घालून बसले आणि बसल्या बसल्या थापी फिरवत राहिले. शेवटचा हात फिरला. ओलं छत आरशासारखं चमकलं.

"वा रे पठ्ठ्या!" असं स्वतःलाच म्हणत राव उठले.

धप्प!

टाळू गिलाव्यात रुतली, मागची जाळीही दबली. बाहेर काढताना "प्लुक" असा आवाज झाला. छतात वाडगाभर खळगा! रावांनी तो भरला, सपाट केला आणि जरा लांबून बघावं म्हणून उठले. धप्प! पुन्हा भरला. "आता मेलास तरी उठायचं नाही," त्यांनी स्वतःला बजावलं. खळगा गायब झाला. त्या आनंदात राव उठले.

प्लुक.

तोवर घमेल्यातला माल संपला होता आणि जिन्यावर अक्काच्या चपला वाजत होत्या.

"झालं का रे धाकट्या? का अजून चिखलात खेळतोयस?"

राव चपळाईनं ताठ बसले. टाळू खळग्यात, चेहरा देवासारखा शांत. अक्का वर आली, तिच्यामागे धापा टाकत दाजी.

"ऊठ की! थोरली बहीण आलीय."

"कंबर धरलीय, अक्का."

अक्कानं टॉर्च काढला. भिंतीला चिकटवून तो तिरका फिरवला, म्हणजे उंचवटा असेल तर सावली पडते. सावली पडेना. "हं," अक्का म्हणाली. दुसरी भिंत. "हं." खोट सापडेना तशी ती अस्वस्थ झाली. "सरक बघू. मी आडवी होऊन बघते. रात्री उठताना कपाळमोक्ष व्हायला नको."

राव सरकले. प्लुक! अक्का पलंगावर आडवी झाली आणि ताडकन उठून बसली. रावांनी डोळे मिटून घेतले.

धप्प झालंच नाही. अक्काचं डोकं खळग्यात अलगद जाऊन बसलं, जणू शिंप्यानं माप घेऊन शिवलेलं. तिनं डोकं डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं.

"हे मुद्दाम केलंस?"

जगाला थापा मारणाऱ्या रावांना अक्काशी मात्र खोटं बोलता येत नसे. "नाही गं. आपटलो. तीनदा."

अक्का पुन्हा आडवी झाली, पुन्हा उठली. अंबाड्यावर पांढरा ठिपका घेऊन तिनं खळगा बोटांनी चाचपला. "दोघांचंही डोकं आईवर गेलंय," ती पुटपुटली. आणि मग, दुखरी दाढ उपटावी तशी, म्हणाली, "बरं आहे."

रावांच्या हातातली थापी गळून पडली. "काय म्हणालीस? परत म्हण ना!"

"टक्कल पूस आधी. गादीवर ठिबकतंय."

दाजींना तर हुरूपच आला. "राव, मग माझ्या बाजूलाही करा की असाच एक खळगा!"

"तुमची बाजू," अक्का म्हणाली, "खालच्या मजल्यावर आहे."