सुखटणकरांचा बारमाही श्रावण

कुमार सुखटणकर मूळचे वेंगुर्ल्याचे. मासे हा त्यांच्याकडे जेवणातला पदार्थ नव्हे, तेच जेवण. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला येऊन मोटारींचे गिअरबॉक्स बनवण्यात त्यांची उभी हयात गेली, डोक्यावरचे केस गेले, पण दर सोमवारी वरणभातासमोर बसून उसासा टाकायची सवय काही गेली नाही. सोमवार आणि श्रावण एवढं मात्र घरात कडक पाळलं जाई. श्रावणात मासे नाहीत, मटण नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. त्याबाबतीत पद्मजाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पोलीसखात्यात शोभल्या असत्या. एरवी हा गृहस्थ साधा, पापभीरू. पण हाच माणूस वीसएक वर्षं एका म्हातारीला फसवत होता, आणि तेही दर शनिवारी तिच्याच टेबलावर बसून.

झालं होतं असं. एका श्रावणात मोठं वादळ आलं, झाडं पडली आणि गल्लीतली वीज गेली. शेगडी विजेची, त्यामुळे स्वयंपाक बंद. दोघं गाडी काढून युनिव्हर्सिटीजवळच्या ‘तामसुई हाउस’मध्ये गेले. लिन कुटुंबाचं हे जुनं तैवानी रेस्टॉरंट. बाहेरच्या पाटीचा रंग उडालेला, आत लाल गाद्यांच्या खुर्च्या, गल्ल्यामागे देवीची मूर्ती आणि तिच्यापुढे संत्री. ऑर्डर घ्यायला मालकिणीची मुलगी ग्रेस आली. कुमाररावांनी आपल्याला काय काय चालत नाही ते सांगायला सुरुवात केली, यादी कांदा-लसणापर्यंत पोचली, तेव्हा ग्रेस वही मिटून आत गेली आणि आईला घेऊन आली.

आई म्हणजे आमा. आमा म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. सगळं गिऱ्हाईक तिला त्याच नावानं हाक मारी. त्या वेळी ती साठीची होती, बुटकी, हाताला आल्याचा वास.

“कांदा-लसूणही नाही?” तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं.

“नाही.”

“माझ्यासारखंच! आयुष्यभर?”

इथे एक सरळ वाक्य बोलायचं होतं. नाही हो, महिन्यापुरतंच. पण श्रावण म्हणजे काय, तो दर वर्षी पुढे-मागे का सरकतो, बाकीचे अकरा महिने देव काय करतो, हे सगळं परक्या भाषेत समजावायचा कुमाररावांना कंटाळा आला. शिवाय म्हातारीचा चेहरा असा फुलला होता की तो कोमेजवणं त्यांच्या जिवावर आलं. ते “हो” म्हणून मोकळे झाले. पद्मजाबाईंनी टेबलाखालून त्यांच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली.

“अहो, ‘वन मंथ ओन्ली’ म्हणायला तुमचं काय जात होतं?” गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं.

“जाऊ दे गं. परत कोण जातंय तिथे?”

परत तेच गेले. कारण त्या दिवशी शेजारच्या टेबलावर त्यांनी शिंपल्यातल्या कालवांचं ऑम्लेट पाहिलं होतं. कालवं! तीसुद्धा मिशिगनमध्ये! श्रावण संपला, गणपती पाण्यात गेले आणि पद्मजाबाई शनिवारच्या मराठी शाळेत मुलांना काना-मात्रा शिकवायला गेल्याचं पाहून कुमाररावांनी तामसुई हाउस गाठलं. मेन्यू उघडायच्या आतच आमा आली. हातात दोन वाडगे.

“तुझं वेगळ्या कढईत केलंय,” ती म्हणाली. एक वाडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन स्वतः समोर बसली.

त्या वाडग्यात टोफू होता, मशरूम होते, आलं होतं आणि आमाची सगळी कहाणी होती. ग्रेस तान्ही असताना तापानं मरणाच्या दारी पोचली होती. आमानं देवीला नवस केला, पोर वाचली, आणि त्या दिवसापासून आमानं मांस-मासळी आणि कांदा-लसूण सोडला. ज्या टेबलावर मांस-मासळी आहे तिथे बसून जेवायचंही नाही, असा तिचा नेम. रेस्टॉरंट मात्र डुकराच्या मांसावर आणि कालवांवर चाललेलं. दुपारची गर्दी ओसरली की मागच्या मोठ्या गोल टेबलावर लेक, जावई, नातवंडं, आचारी सगळे हसतखिदळत जेवत, आणि ज्या बाईनं ते टेबल घेतलं ती खिडकीपाशी एकटी बसून आपला वाडगा संपवी.

“आता तू आहेस,” ती म्हणाली.

यावर कालवांचं ऑम्लेट कोण मागवणार?

अशा तऱ्हेनं कुमाररावांच्या आयुष्यात दर शनिवारी श्रावण सुरू झाला. शेजारून तुळशीसारख्या पाल्यात परतलेल्या तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, ताटली जाई आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. ते मुकाट्यानं टोफू चावत. आमा तैवानमधल्या गप्पा सांगे, त्यांच्या वाडग्यात आपल्यातला एखादा मशरूम घाली. नातवंडांना बोलावून ती कुमाररावांकडे बोट दाखवी, “हा बघा, इंजिनियर, मोठा माणूस, पण जिभेवर ताबा.” नातवंडं आदरानं बघत आणि कुमाररावांच्या कानांच्या पाळ्या तापत. घरी आल्यावर पद्मजाबाई तळलेला बांगडा पुढ्यात ठेवत आणि म्हणत, “घ्या महाराज, पारणं फेडा.”

“पुढच्या वेळी सांगतो गं.”

“तुम्ही? तुम्ही काय सांगताय! आणि मला तिथे नेऊ नका. त्या बाईच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलायला मला नाही जमणार.”

एकदा तर कहर झाला. एशियन ग्रोसरीत कुमाररावांच्या बास्केटमध्ये दोन ताजे पापलेट आणि समोरून आमा! त्यांनी झटकन वरून कोथिंबिरीच्या जुड्या पसरल्या. आमानं त्यांचा हात धरून मासेवाल्यालाच सांगितलं, “याला तुझ्याकडचं काही विकू नकोस हं, हा माझ्यातला आहे.” मासेवाल्यानं दोन मिनिटांपूर्वीच ते पापलेट स्वतःच्या हातानं साफ करून दिले होते. त्यानं कोथिंबिरीकडे पाहिलं, कुमाररावांकडे पाहिलं आणि तो काही बोलला नाही. ते न बोलणं कुमाररावांना कितीतरी दिवस टोचत राहिलं. पण सांगायची वेळ केव्हाच टळून गेली होती. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर गंमत झाली असती. इतक्या वर्षांनी सांगायचं म्हणजे तिच्या हातचा एकेक वाडगा तिला परत करण्यासारखं होतं.

या वर्षी बर्फ वितळू लागलं तशी आमा थकली. ऐंशी कधीच उलटली होती, मनगट थरथरायचं. डॉक्टरांनी कढई उचलायला बंदी केली आणि ग्रेसनं तिची स्वयंपाकघरातून रवानगी करायचं ठरवलं. त्या शनिवारी आमा वाडगा घेऊन समोर बसली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “ही माझी शेवटची कढई. आता इथे सगळं एकातच शिजणार. ग्रेस म्हणते वेगळं करीन, पण गर्दीत तिच्या हातून डाव इकडचा तिकडे होणार. मी ठरवलंय. पुढच्या शनिवारपासून मी तुझ्या घरी जेवायला येते. अमेरिकेत आल्यापासून मी कुणाच्या घरी जेवले नाही. तुझ्या घरातली भांडी शुद्ध आहेत.”

कुमाररावांच्या डोळ्यांपुढे घरातला तवा आला. त्या तव्यानं जेवढे बांगडे पाहिले होते तेवढे एखाद्या होडीनं पाहिले नसतील. नवी भांडी आणता येतील, असा एक भित्रा विचार मनात येऊन गेला. मग समोरची म्हातारी विश्वासानं घास घेतेय आणि आपण कोपऱ्यात उभे राहून पाहतोय, असं चित्र दिसलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

“आमा, माझ्या घरी मासे शिजतात.”

आमा समजूतदारपणे मान हलवून म्हणाली, “बायकोसाठी?”

पळवाट आयती समोर होती. पद्मजाबाई मराठी शाळेत, कुठे कळणार होतं त्यांना! कुमाररावांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

“नाही. मी खातो. पहिल्यापासून खातो. त्या दिवशी आमचा महिन्याभराचा नेम होता. तेवढाच.”

आमानं वाडग्यात पाहिलं. “माझं जेवण तुला आवडत नव्हतं?”

“आवडत होतं. खरंच आवडत होतं.”

“मग?”

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं कुमाररावांना वाटत होतं. तिनं ओरडावं, वाडगा फेकावा, ग्रेसला बोलवून चारचौघांत पाणउतारा करावा, म्हणजे निदान फिट्टंफाट होईल. आमानं यातलं काही केलं नाही. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

“चूक माझी,” ती म्हणाली. “तू पाहुणा. ‘आयुष्यभर’ हा शब्द मीच तुझ्या तोंडात घातला. तू नाही कसं म्हणणार? आणि मी तुला इतकी वर्षं उपाशी ठेवलं.”

“नाही आमा, असं नका म्हणू.”

“काय आवडतं तुला? खरं सांग.”

खोटं बोलायची सोयच उरली नव्हती. “कालवं,” ते पुटपुटले.

ती उठली, आत गेली. स्वयंपाकघरातून तिचा आणि ग्रेसचा आवाज आला, तव्यावर चुर्र झालं. थोड्या वेळानं ती स्वतः दोन्ही हातांनी ताटली सावरत आली. सोनेरी कडा, वर लाल रस्सा, मधे टपोरी कालवं. तिनं ती कुमाररावांपुढे ठेवली, कागदी रुमाल सरळ केला.

“गरम आहे तोवर खा.”

मग तिनं आपला अर्धवट राहिलेला वाडगा उचलला आणि ती पलीकडच्या रिकाम्या टेबलावर जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नेम होता, तो ती पाळत होती.

कुमाररावांनी एक कालव तोंडात घातलं. चव थेट वेंगुर्ल्याची होती आणि ते गिळवत नव्हतं. पलीकडे आमा एकटी जेवत होती, आणि मधूनमधून मान वळवून, तो पोटभर खातोय ना, ते पाहत होती.