रबरी पट्टा

धुळ्यात स्टँडजवळच्या घड्याळाच्या दुकानात मी त्यांना एकदाच पाहिलं. साक्रीकडचे आबा, मळकं धोतर आणि मुठीत खोल पाण्यातही चालणारं महागडं परदेशी घड्याळ. साखळी तुटलेली. त्यांची मूठ सारखी हलत होती. मला वाटलं, म्हातारपणाचा कंप असेल.

"आबा, चामड्याचा पट्टा घ्या. हाताला मऊ," दुकानदार म्हणाला.

"चामडं पानीमा सडी जाई."

"तुम्ही कुठे पाण्यात जाता?"

"मी नही. मन्हा पोऱ्या पानीमा शे."

मुलगा जहाजावर नोकरीला होता. समुद्रात पडला, सापडलाच नाही. जहाजावरच्या खोलीत काढून ठेवलेलं घड्याळ तेवढं घरी आलं.

आबांनी रबरी पट्टा निवडला, पण घड्याळ सोडेनात. ते हाताच्या हालचालीवर चालतं, असं मुलाने कधीतरी सांगितलेलं. म्हणून साखळी तुटल्यापासून ते मुठीत धरून हलवत होते, एसटीतसुद्धा.

"न हलवता दीड दिवस चालतं हो," दुकानदार समजावू लागला.

"आनि थांबनं तं?"

दुकानदाराने मग घड्याळ आबांच्या हातातच राहू देऊन पट्टा बसवायला घेतला.

अखेर पट्टा बसला, घड्याळ मनगटावर चढलं. आबा स्टँडकडे निघाले, तरी त्यांची रिकामी मूठ तशीच हलत होती.