स्लॉट एक, बंद केलाय, काढ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा आणायला उठणारा मी माणूस. देव मानतो, तोही सणासुदीपुरता. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितो.

मी ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचं काम करतो. गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी भर दुपारी, आमच्या मोठ्या राउटरचं प्रोसेसर कार्ड बदलायचं होतं. अशा राउटरमध्ये दोन कार्डं असतात – एक काम करतं, दुसरं राखीव. ती ज्या खाचांत बसतात ते स्लॉट, शून्य आणि एक. आमचं चालू कार्ड एकमध्ये होतं; राखीव, म्हणजे स्लॉट शून्यातलं, बिघडलं होतं. ते स्क्रीनवरून बंद करायचं, त्याच्यावरचा दिवा विझला की ओढायचं, नवीन सरकवायचं. दहा मिनिटांचं काम. पण चुकून चालू कार्ड ओढलं तर सगळंच झोपणार, आणि या राउटरवर एका अ‍ॅम्ब्युलन्स सेवेची फोन लाइन होती.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. एक जण स्क्रीनसमोर, एक राउटरच्या रॅकपाशी. स्क्रीनवाला स्लॉटचा नंबर सांगतो, रॅकवाला तो मोठ्याने परत म्हणतो, मगच हात लावतो. कागदावर काहीही असो, स्क्रीनवाल्याचा शब्द शेवटचा. कागदावर विसंबून पूर्वी एकाने तोंड पोळून घेतलंय.

त्या दिवशी बाहेर स्क्रीनवर सुजाता होती, इथल्याच दिवाळे गावची, माझ्याहून सीनियर. मी आत रॅकपाशी – मनगटाला अर्थिंगचा पट्टा, भिंतीवरचा इंटरकॉम स्पीकरवर.

"स्लॉट एक," तिचा आवाज आला.

कागदावर तर शून्य होतं. "एक? नक्की?"

"एक. बंद केलाय. काढ."

"स्लॉट एक, काढतो," मी म्हणालो. दिवा पाहिला. विझलेला होता... शपथेवर सांगतो, विझलेला होता. स्क्रू सैल केले आणि कार्ड सोडवायच्या दोन्ही खटक्यांवर अंगठे ठेवले.

तेवढ्यात दार उघडून सुजाता आत आली.

"कोनाशी बोलतोस इतका वेळ? चारदा लावला, एंगेज." मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. "हात काढ. चालू हाय तो. मी अजून काय बंदच नाय केलंय."

मी परत पाहिलं. दिवा हिरवागार. मी अंगठे काढले आणि स्क्रू परत आवळले.

मग तिने लॅपटॉप आत आणला आणि शेजारी उभं राहून आम्ही शून्यातलं कार्ड बदललं. बाहेर आल्यावर मोबाइलला रेंज आली – बायकोचे सात मिस्ड कॉल. सीवूड्सला घरी आईच्या छातीत कळ आली होती. बायकोने त्याच लाइनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. वेळ ताडून पाहिली. माझे अंगठे खटक्यांवर होते, तेव्हा ती पत्ता सांगत होती.

आई वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

आमच्याकडे इंटरकॉम रेकॉर्ड होतो. सोमवारी आम्ही दोघांनी ऐकलं. माझा आवाज स्वच्छ आहे. समोरून मात्र काहीच नाही, नुसती पंख्यांची घरघर. सुजाता त्यानंतर त्या खोलीत एकटी जात नाही. साहेब म्हणाले, "लाइन क्रॉस झाली असेल, टेन्शन घेऊ नका."

असेलही. पण क्रॉस लाइनवरच्या माणसाला मी 'नक्की?' विचारलं, तर त्याने मला उत्तर कसं दिलं? ते कोण होतं, आणि माझ्या आईशी त्याचं काय वैर होतं... मला आजही माहीत नाही.