कांडीच्या मजुरीचं शून्य

…तर कंप्युटर अडून बसला, इथवर आपण आलो होतो. अडला म्हणजे बंद नाही पडला हो. पडद्यावर एक ओळ लाल झाली आणि खाली सवाल आला, या कामाची मजुरी शून्य आहे, चालेल का? भुपेंद्रनं चहाचा घोट घेतला, 'चालेल'वर दाबलं, आणि ती लाल ओळ बिचारी गुमान काळी झाली.

काल जे नव्हते त्यांना भुपेंद्र ठाऊक नसणार. आंधळगावच्या विणकराच्या घरचा पोरगा. बाप माग चालवायचा आणि माय, गोदावरीबाई, चरख्यावर कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती हाताशी नसली, तर कितीही मोठा विणकर असो, हात बांधून बसतो. भुपेंद्र मात्र मागावर बसला नाही. तुमसरला जाऊन हिशेबाचा क्लास केला आणि चंद्रकुमार शेठजींच्या कोसा रेशमाच्या साड्यांच्या कारखान्यात पंख्याखालच्या खुर्चीवर बसला.

शेठजी आधी साडीचा खर्च कसा काढायचे, तेही ऐकण्यासारखं आहे. साडी हातावर तोलायची, डोळे मिटायचे आणि आकडा बोलून टाकायचा. फायदा झाला की नाही, ते दिवाळीनंतर कळायचं. म्हणून तर हे सॉफ्टवेअर आणलं. त्यात एकेका साडीचं सगळं भरायचं. कोसा किती लागला, रंग किती, ताणा करायला वेळ किती, विणायला किती, विजेचा वाटा किती. एकदा भरलं, की नुसता कोशाचा भाव बदला, सगळ्या साड्यांचा खर्च आपोआप बदलतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा शेठजी इतके खूश झाले, की त्यांनी समोरच्या पानठेलेवाल्याला गिऱ्हाईक सोडून बोलावलं आणि ती गंमत परत करून दाखवायला लावली. पानठेलेवाला म्हणाला, "चुन्याचाही भाव निंगते का यात?"

बरं, कांडीच्या ओळीत शून्य कसं? तर रीतच तशी होती. माग विणकराच्या घरी असायचा, विणाईचे पैसे त्याच्या हातात पडायचे, आणि कांड्या घरच्या बाया भरायच्या. त्याचे वेगळे पैसे कुणी दिले नाहीत, कुणी मागितलेही नाहीत. भुपेंद्रनं जन्मभर जे पाहिलं, तेच कंप्युटरात भरलं.

पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. नागपूरचा एक व्यापारी मोठी ऑर्डर द्यायला तयार झाला. घरच्या मागांवर ती वेळेत निघणारी नव्हती, म्हणून शेठजींनी कारखान्याच्या शेडमध्ये माग मांडले आणि कांड्या भरायला गावातल्या बायांना तिथं बोलावलं. नमुन्याच्या साड्या सुरू झाल्या. त्या बायांत गोदावरीबाईही होती. लेक आत खुर्चीवर, माय बाहेर चरख्यावर. डबा मात्र दोघांचा एकच.

आणि भुपेंद्रनं काय केलं? जुन्या साडीचा सगळा हिशेब जसाच्या तसा उचलून नव्या ऑर्डरला लावला. ओळ लाल झाली ती तेव्हाच. त्याची नजर खिडकीतून शेडकडे गेलीही होती. पण खर्च कसा छान कमी दिसत होता. शेठजी पाठीवर थाप मारतील, हेही दिसत होतं. दाबलं बटण.

शनिवारी हप्ता वाटायची वेळ आली. विणकर पैसे घेऊन गेले, बाया उभ्याच राहिल्या. शोभाताई खिडकीशी आली. तिच्या तोंडाला गावात भलेभले वचकून असतात.

"काहो भुपेंद्रबाबू, आमचं नाव नाही निंगालं?"

"कांडीची मजुरी दाखवून नाही राहिला, ताई."

"कोन?"

"कंप्युटर."

"असं का. मंग सोमवारपासून कांड्याही त्यालेच भराले सांगजा."

बाया हसल्या. भुपेंद्रनंही दात काढले. "मले कायले बोलून राहिल्या? माह्या हातात काय हाय? मशीन म्हणते ते म्हणते."

तेवढ्यात मागून गोदावरीबाई पुढं आली. "ए शोभे, पोराले कायले तोडून राहिली? बरोबरच त हाय. आपन कधी घेतले का कांडीचे पैसे? याच्या बापाले मी जनमभर कांड्या भरून देल्या, एक रुपया नाही मांगतला. अन् माहा भुपेंद्र शिकेल हाय. काही चुकलं असतं, त त्यानंच सांगतलं असतं."

मायनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं भुपेंद्रला झालं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. स्वतःच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाचं त्याला आठवलं. पाहुण्यांनी विचारलं होतं, आई काय करते? तो म्हणाला होता, काही नाही, घरीच असते. आणि माय आतल्या खोलीत चरखा थांबवून पाहुण्यांसाठी पोहे करत होती.

फोनवर हात दाबून शेठजी आपल्या खोलीतून बाहेर आले. "भुपेंद्र, नागपूरवाला लाइनवर हाय. आपला निंगाला तोच भाव पक्का करून टाकू ना? अन् ह्या बाया काहून उभ्या हायेत?"

शोभाताई म्हणाली, "तुमच्या कंप्युटरनं आमाले फुकटात ठेवलं, शेठजी. तेच पाहून राहिलो."

"कंप्युटर म्हणते त आता म्यां काय करू? सांग रे भुपेंद्र, करू पक्का?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. भाव एकदा पक्का झाला, की अख्खी ऑर्डर त्या बायांना फुकट राबावं लागणार होतं. 'नाही' म्हणावं, तर ऑर्डर जायची आणि तिच्यासोबत ही खुर्चीही. भुपेंद्र उठून उभा राहिला. शेठजींकडे त्याला बघवेना, मायकडे तर नाहीच नाही. खिडकीच्या गजाकडे पाहत तो बोलला.

"नोका करू, शेठजी. ते शून्य कंप्युटरनं नाही टाकलं, मी टाकलं. माय समोर बसून कांड्या भरून राहिली होती, दिसूनही राहिली होती, तरी टाकलं. आता कांडीचा रेट टाकतो, मंग जो भाव निंगन तो त्याले सांगा. तो नाही म्हनला त मले काढून टाका. अन् माय, तू आता माही बाजू घेऊ नोको."