कासवांचा खटला

मला राग पटकन येतो आणि उतरायला वेळ लागतो, हे डिचोलीत आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे त्या सकाळी पदेराकडून पाव घेता घेता मोबाइल बघून मी ओरडलो, तेव्हा शेजारच्यांनी जनेलसुद्धा उघडलं नाही.

परदेशातल्या एका खेळणी कंपनीने तिथल्या कोर्टात खटला भरला होता. आम्ही ऑनलाइन विकतो ती क्रोशाची कासवं म्हणे त्यांच्या डिझाइनची नक्कल. दुकानाचं पान बंद केलेलं, एकवीस दिवसांत उत्तर द्या म्हणून बजावलेलं. प्रतिवाद्यांच्या लांबलचक यादीत कुठल्या कुठल्या देशांतले विक्रेते होते आणि त्यांच्यात मी, आडनावासकट.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणालो. कासवं विणते माझी बायको. तिचं माहेर मोरजी, किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं ती लहानपणापासून बघत आलेली. मी शाळेत कारकून होतो. निवृत्तीनंतर हाताला चाळा हवा म्हणून तिच्या कासवांचे फोटो काढले आणि दुकान उघडलं. पॅन माझं, बँकेचं खातं माझं, म्हणून दुकानही माझ्या नावावर. त्यात फार विचार केला होता असं नाही. आमच्याकडे सगळं असंच होत आलेलं आहे.

फोंड्याला माझा मावसभाऊ वकील आहे. मी त्याच्यासमोर तासभर गर्जना केली, की त्या कंपनीच्या आजोबाच्या आधीपासून मोरजीत कासवं येतात. त्याने सगळे कागद वाचले आणि चष्मा काढला.

"दादा, कासवाबद्दल ते काहीच म्हणत नाहीत. त्यांचं भांडण कवचासाठी आहे. ही सहा पाकळ्यांची वीण आणि मधलं उठावाचं फूल. ते वैनीचं स्वतःचं असेल तर जुने फोटो दे, आपण भांडू. गप्प मात्र बसू नकोस, एकतर्फी निकाल लागेल."

घरी येऊन मी तिला जुनी कासवं काढायला सांगितली. ती उठलीच नाही, चहाचा कप बशीत नुसता फिरवत राहिली. ही अशी कप फिरवत बसली की काहीतरी शिजतंय, एवढं तीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं आहे.

"कासव माझा," ती म्हणाली. "कवच माझा न्हय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोरजीला तिचा भाऊ पर्यटकांना खोल्या देतो. काही वर्षांपूर्वी तिथे एक परदेशी कुटुंब उतरलं होतं. त्यांच्या लहान मुलीच्या खेळण्यातल्या कासवाचं कवच एका बाजूने उसवलं आणि पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. बायको तेव्हा माहेरी गेलेली, तिने ते कासव दुरुस्तीला घेतलं. आता, तिला पुस्तकातली वीण येत नाही. ती उसवते, बोटांनी टाके मोजते आणि पुन्हा विणते. तिची आईही अशीच शिकली. त्यांच्या शेजारपाजारच्या बायका एकमेकींचे विणलेले रुमाल उसवायला म्हणून उसने नेत, आणि परत आलेला रुमाल जसाच्या तसा दिसला की शिकणारी पास. त्या दुपारी हिने अख्खं कवच उसवलं आणि चहाच्या वेळेपर्यंत होतं तसं विणून दिलं. तेव्हापासून तिच्या कासवांच्या पाठीवर तेच कवच.

"चेडू माका मिठी मारून गेला," त्या पोरीबद्दल ती म्हणाली.

मला तिचा राग यायला हवा होता, पण कौतुकच वाटलं. आणि भीतीही. ठरवलं, हिचं नाव यात कुठेच येऊ द्यायचं नाही. उत्तर लिहिलं: वीण माझ्याकडून अनवधानाने सारखी झाली, मी दिलगीर आहे, विक्री थांबवतो. मराठीत तिला वाचून दाखवलं. सगळं स्वतःच्या अंगावर घेणारा नवरा म्हणून मी जरा ताठच बसलो होतो.

तिचा चेहरा पडला.

"ह्यात मियां खंय आसंय?"

"तू नाहीस, तेच तर बरं."

"गॅस तुमच्या नावार. लायटीचा बिल तुमच्या नावार. घर तुमच्या नावार. मियां कधी काय बोललंय? पण तुमका साधी गाठ मारूक येना. कासवा मियां विणलंय. चोरलंय म्हणतत, तर ता पण मियांच. माझा नाव घाला."

मावसभावाने फोनवरून तिला समजावलं, "वैनी, कित्याक आपल्याच पायार धोंडो मारून घेतंस?" ती बधली नाही.

मी चिडलो, पण या खेपेला स्वतःवर. पाकिटावर पाठवणारा म्हणून माझं नाव. कुणी लांबून "सुंदर काम" लिहिलं की आभार मीच मानायचो, आणि कित्येकदा तिला ते सांगायचंही विसरायचो. मला खरोखर लाज वाटली.

उत्तर नव्याने लिहिलं. ती सांगत गेली, मी इंग्रजीत उतरवत गेलो. कासव मी विणलं, कवच तुमचं आहे, मी ते उसवून शिकले, अशा गोष्टी विचारून घ्यायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. दोन ठिकाणी मला शब्द जरा मऊ करावासा वाटला, तिने करू दिला नाही. खाली सही तिची.

काही आठवड्यांनी कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं, मेलवर. आमच्याविरुद्धचा दावा ते मागे घेत होते. अट एकच, ते कवच पुन्हा कधी विणायचं नाही आणि विकायचं नाही. मी तिला एकेक वाक्य सावकाश मराठीत सांगितलं. वाटलं, ती रडेल. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

"वयर काय लिवलेला आसा, ता परत वाचा."

वर काहीच नव्हतं. पत्राचा मायना तेवढा होता: श्रीमती, मग तिचं नाव, मग आडनाव. मी वाचलं.

"आनीक एकदा," ती म्हणाली.