नैऋत्येचा वारा

वारेबाई जन्माच्या घाबरट. कुकरची शिट्टी झाली की दचकायच्या, फोन वाजला की छातीवर हात ठेवायच्या. पण डोंगरमाथ्यावरच्या वनखात्याच्या कचेरीत संगणकासमोर बसल्या, की हात कसा तालमीत घटवल्यासारखा स्थिर! तिथे त्यांची चूक झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

काम वाऱ्याची सरासरी दिशा काढण्याचं. तीनशे पन्नास अंश आणि दहा अंश, दोन्ही वारे उत्तरेचेच; पण भाबडेपणाने सरासरी काढली तर येते एकशे ऐंशी, थेट दक्षिण! म्हणून ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकी भाषेत बाई प्रत्येक दिशेचे साइन, कोसाइन काढत, त्यांची सरासरी घेत आणि त्यातून पुन्हा कोन मिळवत.

त्या सकाळी नव्या संगणकावर त्यांनी सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. उत्तर आलं ईशान्य. ते त्यांनी खाली दरीत धाकट्या भावाला कळवलं. वणव्याआधीच सुकं गवत जाळून टाकणाऱ्या टोळीचा तो मुकादम. दरीत पानही हलत नव्हतं. ऊन चढलं की माथ्यावरचा वारा तिथे उतरणार, आणि माणसं बाईंच्या शब्दावर ईशान्येच्या अंगाला उभी, वारा पाठीशी येईल अशी.

मग बाईंनी सहज खिडकीबाहेर पाहिलं. वाऱ्याची दिशा दाखवणारी काठीवरची कापडी पिशवी ईशान्येकडे फुगली होती. म्हणजे वारा नैऋत्येचा!

बाईंनी प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून तपासला. पडद्यावर कोन काढून देणाऱ्या ‘एटॅन-टू’ या आज्ञेच्या जागी नुसतं ‘एटॅन’ होतं. ‘एटॅन-टू’ साइन आणि कोसाइन वेगवेगळे पाहतं; ‘एटॅन’च्या हाती फक्त त्यांचा भागाकार लागतो. नैऋत्येचे दोन्ही आकडे ऋण; ऋणाला ऋणाने भागलं की धन, आणि दिशा बरोबर उलटी. आग माणसांच्याच अंगावर येणार होती.

त्यांनी भावाला फोन लावला.

“बोल तायडे! आज काय, पाल दिसली?”

“अरे, काडी लावू नकोस!”

“हे तू दर खेपेला म्हणतेस.” मागे कुणीतरी खो खो हसलं. “मशाल पेटलीये, ठेव आता.”

आयुष्यभर ‘जपून रे, जपून रे’ केलेलं असं ऐनवेळी अंगाशी आलं.

“ठेवू नकोस! मी चुकले. हिशेबात चुकले. वारा नैऋत्येचा आहे.”

पलीकडचं हसू थांबलं.

“तू? चुकलीस?”

“हो रे बाबा, मी!”

“मशाल विझवा!” तो ओरडला. “ठिणग्या पडल्यात, सगळे ओढ्याकडे पळा!”

फोन चालूच राहिला. धावती पावलं, धापा, कुणाची तरी शिवी. मग गवताची लांबलचक सळसळ. वारा उतरला होता. बाईंनी डोळे घट्ट मिटले.

“तायडे, पोचलो सगळे. रड आता खुशाल.”

बाईंनी आधी ‘एटॅन’चं ‘एटॅन-टू’ केलं, आणि मग त्या रडल्या.